सेलम : चुकीची नोंद जपणारे शहर

वाचकहो, सेलम हे नाव ऐकताच आपल्यापैकी बहुतेकांना तमिळनाडूतील पोलादाचा कारखाना किंवा तिकडचे आंबे आठवतील. प्रस्तुत लेखातील सेलम ते नव्हे. हे सेलम अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर अटलांटिक समुद्राच्या काठी वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४४ हजार भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे हे शहर. न्यूयॉर्क, शिकागो यांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. मग या लहानशा शहरावर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रथम नावाविषयी. मूळ रहिवासी या जागेला नौमकेग म्हणत. १६२६ साली रॉजर कोनंट हा इंग्रज काही कोळी कुटुंबांसह येथे येऊन राहिला. पुढे १६२९ मध्ये वसाहतवाल्यांनी गावाला सेलम हे नाव दिले. ते हिब्रू भाषेतील 'शालोम', म्हणजे शांती, या शब्दाशी जोडलेले आहे. अरबीतील 'सलाम' हा शब्दही त्याच धातूचा. आपण दिवसातून कित्येकदा एकमेकांना जो शब्द देतो, त्याचाच हा सख्खा भाऊ होय. परंतु नाव शांतीचे ठेवले म्हणून गावात शांती नांदतेच असे नाही. या गावाने ६६ वर्षांच्या आत ते सिद्ध करून दाखविले.

१६९२ चे वर्ष

त्या काळी सेलमचे दोन भाग होते. बंदराजवळचे ते सेलम शहर आणि आत शेतीवाडीत पसरलेले ते सेलम खेडे. या खेड्याला आज डॅनव्हर्स म्हणतात. खेड्यात जमिनीच्या हद्दीवरून आणि धर्मोपदेशकाच्या पगारावरून जुनी भांडणे होती. उत्तरेकडील सरहद्दीवर लढाई चालू असल्यामुळे तिकडून होरपळलेली कुटुंबे आश्रयाला आली होती. वसाहतीची जुनी सनद रद्द झाली होती आणि नवी सनद घेऊन गव्हर्नर अद्याप यावयाचा होता. अशा भयग्रस्त वातावरणात जानेवारी १६९२ मध्ये धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना विचित्र झटके येऊ लागले. औषधाने गुण येईना, तेव्हा हा चेटकाचा प्रकार असावा असे निदान झाले. मोठी माणसे मुलींना विचारू लागली, "तुम्हाला कोण छळते?" असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की नाव हे येतेच.

पहिली तीन नावे कोणाची आली ते पहा. तितुबा ही पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री, सारा गुड ही दारोदार मागून खाणारी, आणि सारा ऑसबर्न ही आजारी व गावाशी फटकून असणारी. तिघींच्याही पाठीशी कोणी नव्हते. १ मार्च रोजी त्यांची चौकशी सुरू झाली. त्यानंतर नावे वाढत गेली आणि सुमारे दीडशे ते दोनशे माणसे या आरोपात सापडली. सारा गुडची जेमतेम चार-पाच वर्षांची मुलगीसुद्धा तुरुंगात टाकली गेली.

मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी खास न्यायालय नेमले. या न्यायालयाने जो पुरावा ग्राह्य धरला तो मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. एखादी मुलगी म्हणे, "अमक्या बाईची छाया रात्री माझ्या खोलीत आली व तिने माझा गळा दाबला." ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली होती, हे दहा जणांनी सांगितले तरी उपयोग नसे, कारण आरोप देहावर नसून छायेवर होता. ज्या गोष्टीचे खंडन करताच येत नाही, ती गोष्ट पुरावा म्हणून मान्य केली की निरपराध माणसाला सुटकेचा मार्ग उरत नाही.

त्याहूनही भयंकर प्रकार म्हणजे, ज्यांनी "होय, मी चेटूक केले" असे कबूल केले ते बहुतेक जिवंत राहिले. आणि ज्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला ते फासावर गेले. ७१ वर्षांच्या रिबेका नर्स या सत्शील म्हणून ओळखल्या जात. त्यांच्या बाजूने ३९ शेजाऱ्यांनी सह्या केल्या. ज्यूरीने त्यांना प्रथम निर्दोष ठरविले. पण न्यायालयात आरडाओरडा झाल्यावर ज्यूरीला फेरविचार करावयास लावला आणि निकाल फिरला. त्यांची बहीण मेरी ईस्टी हिने मृत्यूपूर्वी न्यायाधीशांकडे अर्ज केला. त्यात तिने स्वतःच्या प्राणांची भीक मागितली नाही. यापुढे निरपराधांचे रक्त सांडू नये, एवढेच मागितले. जाइल्स कोरी या सुमारे ऐंशी वर्षांच्या शेतकऱ्याने खटल्याला उत्तर देण्याचे नाकारले, तेव्हा त्याच्या छातीवर दगड रचून त्याचा जीव घेण्यात आला.

१० जून ते २२ सप्टेंबर या साडेतीन महिन्यांत १९ जणांना फाशी झाली. कोरी दगडाखाली मेला आणि निदान पाच जण तुरुंगात वारले. येथे एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. सेलममध्ये चेटकिणींना जाळले असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते खरे नाही. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही.

मग हे थांबले कसे? आरोप हळूहळू प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत पोहोचले हे एक कारण. दुसरे असे की, विचारी धर्मोपदेशकांनी अखेर तोंड उघडले. इन्क्रीज मेथर यांनी ऑक्टोबरात लिहिले त्याचा आशय असा की, एक निरपराध दोषी ठरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. गव्हर्नरांनी त्याच महिन्यात न्यायालय बरखास्त केले. १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा नाकारला आणि बहुतेक सर्व आरोपी सुटले. एक पुरावा बाजूला काढताच संपूर्ण डोलारा कोसळला! तरीही तुरुंगातील अन्नाचे व बेड्यांचे पैसे कैद्याकडूनच वसूल करण्याची त्या काळची रीत असल्यामुळे, निर्दोष ठरलेली माणसेही पैसे भरेपर्यंत आतच राहिली.

गलबते, मिरी आणि मुंबई

या कलंकानंतर सेलम खचले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेतील श्रीमंत बंदरांपैकी एक झाले. इलायस हॅस्केट डर्बी या व्यापाऱ्याचे 'ग्रँड टर्क' हे जहाज १७८६ मध्ये चीनमधील कँटन बंदरी पोहोचले. कॅप्टन जोनाथन कार्न्स याने १७९७ मध्ये सुमात्राहून 'राजा' नावाच्या गलबतातून मिरी भरून आणली आणि मालकांना अफाट नफा करून दिला. सेलमच्याच जेकब क्राउनिनशील्डने १७९६ मध्ये कलकत्त्याहून न्यूयॉर्कला एक हत्तीण नेली. अमेरिकेच्या भूमीवर उतरलेला हा पहिला हत्ती समजला जातो.

१७९९ मध्ये येथील कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न यांना वळसा घालून आलेल्या कप्तानाला तिचे सभासद होता येई. त्यांनी देशोदेशींहून आणलेल्या वस्तूंचा जो संग्रह केला, त्याचे आजचे रूप म्हणजे पीबडी एसेक्स म्युझियम. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र या संग्रहात आहे. अमेरिकन जहाजे मुंबईस लागत तेव्हा त्यांच्या मालाची व्यवस्था ते पाहत. १८३९ मध्ये शहराने जी मुद्रा स्वीकारली, तीवर सुमात्राच्या पोशाखातील पुरुष आणि पूर्वेच्या संपन्न देशांतील दूरच्या बंदरांचा उल्लेख करणारे लॅटिन बोधवाक्य होते.

डर्बी धक्का अद्याप समुद्रात सुमारे पाऊण किलोमीटर शिरलेला दिसतो. त्याच्या टोकाला १८७१ चा छोटा दीपस्तंभ आहे. समोरच १८१९ ची जकात कचेरी आहे. पुढे मोठ्या जहाजांना हे उथळ बंदर पुरेना, तेव्हा व्यापार बोस्टन-न्यूयॉर्ककडे गेला आणि सेलममध्ये कातडी कमावण्याचे व कापडाचे कारखाने आले. २५ जून १९१४ रोजी अशाच एका कातड्याच्या कारखान्यातून आग लागून तेराशेहून अधिक इमारती जळाल्या आणि सुमारे वीस हजार लोक उघड्यावर आले. शहर त्यातूनही सावरले.

सेलमचा आणि आपल्या महाराष्ट्राचा आणखी एक संबंध आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी येथील टॅबर्नेकल चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी पाठविण्यासाठी धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. येथूनच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा उघडली. हॉल हे १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. पुढे याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरर यांनी अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) मुलींची शाळा चालविली. ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही फॅररबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. सेलमच्या एका चर्चमधील समारंभाचा धागा असा भिडेवाड्यापर्यंत येऊन पोहोचतो.

शाळेचा दरवाजा

आपण शिक्षणाच्या कामात असलेली माणसे. म्हणून सेलमच्या शाळांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जॉन रेमंड हे कृष्णवर्णीय गृहस्थ येथे मोठमोठ्या मेजवान्यांची व्यवस्था करीत. त्यांची मुलगी सारा पार्कर रेमंड १८३५ च्या सुमारास परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलींच्या हायस्कुलात गेली. पण थोड्याच दिवसांत वर्णामुळे तिला काढून टाकले. शहरातील श्रीमंतांना तिच्या वडिलांच्या हातचे जेवण चालत होते, मात्र आपल्या मुलींच्या बाकावर त्यांची मुलगी चालत नव्हती! हे कुटुंब दुसऱ्या गावी गेले, परत आले आणि सतत झगडले. १८४४ मध्ये सेलमच्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या. बोस्टनला त्यासाठी १८५५ पर्यंत थांबावे लागले. सारा रेमंड पुढे इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देत फिरल्या आणि इटलीत वैद्यकी शिकल्या.

याच खुल्या दारातून फिलाडेल्फियाची शार्लट फोर्टन ही मुलगी सेलमला शिकावयास आली. १८५४ मध्ये सुरू झालेल्या येथील नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे आपल्या भाषेत अध्यापन विद्यालयातून, ती १८५६ मध्ये उत्तीर्ण झाली व शहराच्या शाळेत शिक्षिका झाली. पुढे १८६२ मध्ये यादवी युद्ध चालू असताना ती दक्षिणेत जाऊन नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांना शिकवू लागली. तिच्या नावाचे उद्यान आज डर्बी रस्त्यावर आहे आणि ते नॉर्मल स्कूल आता सेलम स्टेट युनिव्हर्सिटी झाले आहे.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेही मूळचे शिक्षकच. १८७३ पासून एका बहिऱ्या मुलाला शिकविण्याच्या निमित्ताने ते सेलममध्ये राहत आणि रात्री आपले प्रयोग करीत. १२ फेब्रुवारी १८७७ रोजी येथील लायसियम हॉलमध्ये त्यांनी श्रोत्यांसमोर बोस्टनमधील आपल्या सहायकाशी टेलिफोनवर बोलून दाखविले.

चूक कबूल करण्याची पद्धत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निरपराधांना मारणारी गावे जगात पुष्कळ झाली. सेलमचे वेगळेपण पुढच्या हकीकतीत आहे.

१४ जानेवारी १६९७ रोजी वसाहतीने उपवासाचा व पश्चात्तापाचा दिवस पाळला. खास न्यायालयातील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल त्या दिवशी बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहिले. त्यांचा कबुलीजबाब धर्मोपदेशकांनी वाचून दाखविला आणि तो संपेपर्यंत ते तसेच उभे होते. झालेल्या प्रकाराचा दोष व लाज त्यांनी स्वतःकडे घेतली. बारा ज्यूरींनीही लेखी क्षमा मागितली. याच स्यूअल यांनी १७०० साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. ज्याने स्वतःचा अन्याय एकदा पाहिला, त्याला दुसरा अन्यायही दिसू लागतो. उलट मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन यांनी अखेरपर्यंत चूक मान्य केली नाही.

ॲन पटनम ही आरोप करणाऱ्या मुलींपैकी एक. त्या वेळी ती बारा वर्षांची होती. १७०६ मध्ये, सव्वीस वर्षांची असताना, खेड्याच्या चर्चमध्ये ती उभी राहिली आणि विशेषतः रिबेका नर्स यांच्या कुटुंबाची तिने क्षमा मागितली. त्या सभेत नर्स यांचे नातेवाईक बसले होते हे आपण ध्यानात घ्यावे. १७११ मध्ये सरकारने २२ जणांवरील कलंक पुसला व वारसांना नुकसानभरपाई मंजूर केली.

नॅथॅनिएल हॉथॉर्न हे सेलमचे सुप्रसिद्ध लेखक. खटल्यातील कठोर न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हे त्यांच्या पणजोबांचे वडील. लेखकाने आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढविले, ते या पूर्वजापासून दूर होण्यासाठी असे पुष्कळ जण मानतात. वर उल्लेखिलेल्या जकात कचेरीत त्यांनी १८४६ ते १८४९ नोकरी केली. 'द स्कार्लेट लेटर' या त्यांच्या १८५० च्या कादंबरीचा आरंभ त्याच कचेरीच्या वर्णनाने होतो आणि विषय आहे समाजाने एका स्त्रीला दिलेली शिक्षा. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेले सात त्रिकोणी छपरांचे १६६८ चे घर समुद्राकाठी जतन केलेले आहे.

१९९२ मध्ये, त्रिशतकाच्या वेळी, चार्टर रस्त्यावरील जुन्या दफनभूमीला लागून एक स्मारक उभारले गेले. हिटलरच्या छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दगडी भिंतीतून ग्रॅनाइटची वीस बाके पुढे आली आहेत. प्रत्येकावर एक नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख. प्रवेशाच्या फरशांवर निरपराधांची विनवणी कोरलेली आहे आणि ती वाक्ये भिंतीखाली जाऊन अर्धवट तुटतात. लोक ऐकत असतानाच त्यांचे बोलणे तोडले गेले, असा त्याचा अर्थ. भिंतीपलीकडच्या दफनभूमीत न्यायाधीश हॅथॉर्न यांची कबर आहे. फाशीची नेमकी जागा प्रॉक्टर्स लेज म्हणून २०१६ मध्ये निश्चित झाली आणि २०१७ मध्ये तेथेही स्मारक झाले.

शहराला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. ऑक्टोबर महिन्यात टोकदार काळ्या टोप्या घालून लाखो लोक येथे मौजेसाठी येतात. पोलिसांच्या गाड्यांवरही झाडूवर बसलेल्या चेटकिणीचे चित्र असते. ज्या बायका चेटकिणी नव्हत्या म्हणूनच मेल्या, त्यांच्या गावाने चेटकिणीचा बाजार मांडावा, हे पाहून वाईट वाटते. पण त्याच गर्दीतील काही जण बाकांपाशी थांबतात, नावे वाचतात आणि फुले ठेवतात.

सर्वांत शेवटची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. जवळच्या अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन ही २२ वर्षांची मुलगी १६९३ मध्ये दोषी ठरली होती. गव्हर्नरांमुळे ती फाशीतून वाचली, पण तिच्यावरील कलंक राहिला. १७१२ मध्ये तिने स्वतः अर्ज केला. काही झाले नाही. १९५७ व २००१ मध्ये सरकारने उरलेल्यांना दोषमुक्त केले, तेव्हाही तिचे नाव सुटले. तिच्यासाठी भांडणारे वंशज नव्हते. अखेर नॉर्थ अँडोव्हरमधील एका सरकारी शाळेतील आठवीच्या मुलामुलींनी नागरिकशास्त्राच्या तासाला हे प्रकरण हाती घेतले, जुने कागद वाचले आणि आमदारांना पत्रे लिहिली. जुलै २०२२ मध्ये कायद्याने तिचे नाव निर्दोष झाले. मुलींच्या ओरडण्याने जो अन्याय सुरू झाला, तो सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी मुलांच्या अभ्यासाने संपला.

वाचकहो, हा लेख लिहिण्याचे कारण आता सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीचे सहलीचे पैसे हरवले. तीन-चार मुलांनी एका मुलाकडे बोट दाखविले. तो मुलगा गरीब व अबोल होता. मी चाळीस मुलांसमोर त्याचे दप्तर उलटे केले. काही सापडले नाही, तरी माझा संशय गेला नाही आणि तो त्याला दिसला. दुसऱ्या दिवशी पैसे त्या मुलीच्याच वहीच्या कव्हरात निघाले. मी मुलाला शिक्षकांच्या खोलीत बोलावून "चुकले माझे" म्हटले. आरोप चाळीस जणांसमोर आणि क्षमा कोपऱ्यात! पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. स्यूअल यांची हकीकत वाचली तेव्हा प्रथम त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

आपली ही स्मरणिका अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाते. तो कोठे तरी वाचील या आशेने येथे लिहितो की, बाळ, तू निर्दोष होतास आणि चूक माझी होती. आज त्या वर्गातील मुले आईबाप झाली नसतील, पण मोठी झाली असतील. त्यांनीही हे वाचावे.

कोणाचे नाव चारचौघांत घेण्यापूर्वी पुरावा मागावा. आणि चुकून घेतलेच, तर ते चारचौघांतच परत घ्यावे. सेलमला हे कळावयास तीनशे वर्षे लागली. आपल्या मुलांना ते शाळेतच कळावे, एवढीच इच्छा.